स्नोमोबाइलचा आरपीएम चढत नाही? क्लच उघडण्याआधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या गाडीला, ६०० सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. गेल्या हंगामापर्यंत फुल थ्रॉटलला ८००० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) आसपास जायचे, आता ७२००च्या वर सरकत नाही. खालची उचल मात्र चांगली आहे. कोणीतरी क्लचमधली वजने हलकी करायला सांगितली आहे. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नुसते साफ करून भागेल की नवेच घालावे लागतील, हे तुम्हाला हवे आहे.

वजनांना अजून हात लावू नका. स्नोमोबाइलचा क्लच म्हणजे पट्ट्यावर चालणारी, गिअर आपोआप बदलणारी पुली, आणि तिचे कामच मुळी इंजिनाला ठरावीक आरपीएमवर धरून ठेवण्याचे असते. इंजिनाची वरची ताकद गेली की तोच क्लच त्याला जड पडतो आणि आरपीएम खाली बसतो. वजने हलकी केली तर मीटरवर ८००० पुन्हा दिसतील, पण गेलेली ताकद परत येणार नाही. शिवाय पुढे कधीतरी व्हॉल्व्ह मोकळे झाले की इंजिन मर्यादेबाहेर फिरायला लागेल, आणि मग क्लच पुन्हा उघडावा लागेल. मी कामाला घेतलेल्या मशिनांत हा प्रकार इतक्या वेळा पाहिला आहे की खाली चांगले आणि वर बसलेले अशी तक्रार आली की मी आधी व्हॉल्व्हचे टोपण, म्हणजे बाहेरचे झाकण, उघडतो.

एक गैरसमज आधी काढून टाकू. हा व्हॉल्व्ह म्हणजे फोर-स्ट्रोकमधला, कॅमवर नाचणारा छत्रीच्या आकाराचा व्हॉल्व्ह नव्हे. टू-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर जाण्याचे दार सिलिंडरच्या भिंतीतच असते आणि पिस्टन स्वतः ते उघडतो आणि झाकतो. आपण बोलतोय ते त्या दाराच्या वरच्या चौकटीत सरकणाऱ्या पात्याबद्दल. पाते खाली असेल तर दार बुटके होते आणि उशिरा उघडते. पाते वर गेले की दार उंच होते आणि लवकर उघडते. प्रत्येक कंपनीचे त्याला वेगळे नाव आहे: रोटॅक्स त्याला रेव्ह म्हणते, पोलारिस व्हीईएस, आर्क्टिक कॅट एपीव्ही. यामाहाने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या ५०० सीसीच्या रेसच्या मोटरसायकलींवर हीच कल्पना वापरली होती, फक्त तिथे पात्याऐवजी फिरणारा ढोल होता.

याची गरज का पडते, हे एका हिशेबातून नीट कळते. ८००० आरपीएमला एक फेरा ७.५ मिलिसेकंदांत होतो, ४०००ला १५ मिलिसेकंद लागतात. दार १९० अंश उघडे राहते असे धरा. मग वरच्या वेगात ते साधारण ४ मिलिसेकंद उघडे असते आणि खालच्या वेगात ८. आता एक्झॉस्टच्या फुगीर पाइपातून दाबाची लाट जाऊन परत येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. त्या लाटेचा वेळ पाइपाची लांबी आणि वायूची उष्णता यांवर ठरतो, आरपीएमवर नाही. म्हणजे वरच्या वेगासाठी बेतलेले दार खालच्या वेगात फार वेळ उघडे राहते, लाट नको तेव्हा येते आणि इंजिन गुरगुरत बसते. पाते खाली घेऊन आपण दार उघडे राहण्याचा काळ कमी करतो, आणि शिवाय पिस्टनला ढकलणारा दाब थोडा जास्त वेळ कामी येतो.

यावरून तुमचे लक्षण वाचता येते. पाते वर अडकले असते तर उलटे झाले असते: सुटताना मशीन मेल्यासारखे, आणि मधल्या आरपीएमनंतर अचानक जीव आल्यासारखे. तुमच्याकडे खाली उत्तम आणि वर बसलेले आहे. म्हणजे पाते, निदान एक तरी, खालीच राहतेय किंवा अर्ध्यावर थांबतेय.

तुमचे इंजिन जुन्या पद्धतीचे, एक्झॉस्टच्या दाबावर चालणारे असेल असे धरून सांगतो. त्यात पात्याच्या दांड्याच्या वरच्या टोकाला एक टोपी आट्यांवर बसवलेली असते आणि तिच्याभोवती रबरी बेलो असतो, लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा. वरून स्प्रिंग पात्याला खाली दाबून धरते. एक्झॉस्टच्या दारातला दाब सिलिंडरमधल्या बारीक भोकांतून बेलोखाली येतो. इंजिनावर भार आला आणि दाब वाढला की बेलो स्प्रिंगला हरवतो आणि पाते वर उचलतो. म्हणून मशीन जागेवर उभे करून नुसता थ्रॉटल देऊन हे व्हॉल्व्ह तपासता येत नाहीत. भार नसताना पुरेसा दाबच तयार होत नाही आणि ठणठणीत व्हॉल्व्हही हलत नाही.

पाते न उचलण्याची कारणे मोजकी आहेत. बेलोला चीर पडली असेल तर दाब निसटतो. ते झाले असेल तर व्हॉल्व्हच्या टोपणाभोवती काळे, चिकट तेल उडालेले दिसते आणि बॉनेटच्या आतल्या बाजूलाही त्याचे शिंतोडे असतात. ही खूण दिसली की निदान तिथेच झाले. दुसरे कारण, दाब आणणारी भोके काजळीने बुजलेली. साफसफाई करणारे बहुतेक लोक पाते चकचकीत करतात आणि ही भोके विसरतात. मग मशीन होते तसेच राहते आणि व्हॉल्व्ह निर्दोष ठरवले जातात. तिसरे कारण, पाते मागे सरकते त्या खाचेत काजळीचा थर. या प्रकारात पाते बोटाने हलते, म्हणून माणूस समाधान मानतो, पण ते पुरते मागे जात नाही. त्यामुळे हलते का एवढे पाहू नका, किती हलते ते मोजा. टोपण काढून दांडा खाली आणि वर अशा दोन्ही टोकांना नेऊन पट्टीने अंतर घ्या आणि दोन्ही सिलिंडरचे आकडे शेजारी लिहा. दोन्हींत फरक असेल तर कमी आकड्याच्या बाजूला काजळी आहे असे धरून चाला.

आता उघडण्याबद्दल. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. टोपण स्प्रिंगच्या ताणाखाली असते, क्लिप निघताच ते उडते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा आणि एक हात टोपणावर हवा. डावे-उजवे भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. पाती आपापल्या खाचांत घासून बसलेली असतात, त्यांची अदलाबदल करू नये. शक्य असेल तर पाइप आणि त्यामागचा दोन तोंडांचा जोडही काढा. वेळ थोडा जास्त लागतो, पण एक्झॉस्टच्या दारातून आत बघता येते, आणि या कामात आत बघता येणे फार मोलाचे आहे. घर, म्हणजे ज्यात व्हॉल्व्ह बसतो तो तळाचा भाग, काजळीने चिकटलेला असेल तर सिलिंडरच्या गॅस्केटच्या पृष्ठभागावर स्क्रूड्रायव्हर टेकवून उचकटू नका. गंज सोडवणारे तेल मारा, थांबा, आणि मऊ हातोडीने दोन्ही बाजूंना हलके ठोकत सैल करा. त्या पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तरी नवी गॅस्केट गळते.

खाच साफ करण्याआधी पिस्टन वर आणा. टॉपला असताना पिस्टनचा खालचा घेर एक्झॉस्टचे दार झाकतो, त्यामुळे खरवडलेली काजळी सिलिंडरमध्ये न जाता दाराच्या बाहेरच्या बाजूला पडते आणि व्हॅक्यूमने ओढून घेता येते. हे न करता खरवडले तर ती कठीण काजळी रिंगांपर्यंत जाते. खाचेसाठी मी लाकडाची किंवा कडक प्लॅस्टिकची पट्टी वापरतो. दाबाच्या भोकांसाठी भोकाच्या मापाचा ड्रिल बिट हातात धरून फिरवायचा, मशीनवर लावायचा नाही. भोक मोठे झाले तर व्हॉल्व्ह उघडण्याची वेळच बदलते.

पात्यांसाठी रॉकेल किंवा कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवणे आणि मग नायलॉनच्या घासणीने घासणे पुरते. ओव्हन साफ करायचे फवारे बरेच जण सुचवतात. त्यात कॉस्टिक असते आणि ते अ‍ॅल्युमिनियम खाते. पाते पोलादी असले तरी टोपी आणि घर अ‍ॅल्युमिनियमचे असू शकते, म्हणून मी ते वापरत नाही. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रशही नको. त्याने पात्याच्या पुढच्या धारेचे कोपरे गोल होतात, आणि ती धार म्हणजेच दाराची वरची चौकट आहे. बेलो मात्र साबणाच्या पाण्यानेच धुवा. कार्ब क्लीनरने रबर फुगते आणि परत खोबणीत बसत नाही. धुतल्यावर बेलो उजेडात धरून प्रत्येक घडी ताणून बघा. चीर बहुतेक वेळा घडीच्या तळाशी असते आणि न ताणता दिसत नाही.

आता साफ की नवे. पूर्ण संच सरसकट बदलण्याचा सल्ला मी देत नाही, कारण पाती नीट राखली तर बराच काळ टिकतात. गॅस्केट दर वेळी नवी. बेलो कडक झाला असेल, चिरलेला असेल किंवा त्याची कॉलर सैल झाली असेल तर नवा, आणि एका बाजूचा गेला तर दोन्ही बाजूंचे घ्या, कारण दोघांचे वय सारखेच आहे. स्प्रिंगचेही तसेच. एका बाजूची स्प्रिंग नवी आणि दुसऱ्या बाजूची बसलेली असेल तर दोन पाती वेगवेगळ्या आरपीएमला उघडतात आणि मधल्या वेगात इंजिन अडखळते. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून उंची बघा, नुसत्या डोळ्यांना फरक दिसतो.

पात्याबाबत मात्र मी कडक आहे. दांडा आणि पाते यांच्या सांध्यात जराही खेळ असेल, पाते दोन तुकड्यांचे असून त्यांच्या पिनला ढिलाई असेल, पुढच्या धारेला टवका असेल किंवा धारेवर पिस्टन लागल्याची चकाकी दिसत असेल, तर ते पाते परत इंजिनात जात नाही. धारेवरची चकाकी दिसली तर नवे पाते बसवण्याआधी ते का लागले हे शोधायलाच हवे. पाते खाचेत आडवे हलत असेल तर नवे पाते घालून पुन्हा बघा. तरीही हलले तर झीज खाचेत आहे, पात्यात नाही, आणि तो सिलिंडरचा प्रश्न आहे.

बसवताना जे चुकते ते साफ न केल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठे असते, म्हणून इथे थांबून वाचा. पात्याची पुढची धार सिलिंडरच्या गोलाईला जुळणारी आणि तिरकी असते, कारण पाते सिलिंडरमध्ये कोनात शिरते. ते उलटे घातले तरी काही इंजिनांत सहज आत जाते आणि घरही व्यवस्थित बसते. फक्त धारेचा एक कोपरा बोअरच्या, म्हणजे पिस्टन फिरतो त्या पोकळीच्या, आत डोकावतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच हातून हे झाले. दोनपैकी एक पाते उलटे गेले, मी हाताने फिरवून न बघता इंजिन चालू केले, आणि काही सेकंदांत धातू धातूवर आपटल्याचा आवाज आला. पिस्टनची कड उडाली, रिंग तुटली, सिलिंडरवर पुन्हा लेप चढवावा लागला. तो खर्च मी भरला, आणि त्या मालकाचा अर्धा हंगाम गेला याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून मी ठरलेला क्रम पाळतो. पाते काढण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला मार्करने खूण करतो. धुताना खूण जाते, म्हणून एक फोटोही काढून ठेवतो. दांड्यावरची टोपी आट्यांवर पूर्ण बसेपर्यंत फिरवतो, पण हातानेच, कारण पक्कडीने टोपी तडकते. काही रचनांत ही टोपीच पात्याला खाली थांबवते. ती दोन फेरे कमी बसली तर पाते तेवढेच पुढे येते. मग पिस्टन खाली घेऊन, पाते पूर्ण खाली असताना, एक्झॉस्टच्या दारातून बोट घालून पात्याची धार आणि बोअरची भिंत यांवरून फिरवतो. धार भिंतीच्या किंचित मागे लागली पाहिजे. भिंतीच्या पुढे, अगदी नखाला जाणवेल इतकी जरी आली, तरी काम थांबवायचे. शेवटी स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने दोन-तीन पूर्ण फेरे फिरवायचे, हळू, आणि बोटांना काही अडते का ते जाणवू द्यायचे.

सिलिंडर मोठ्या मापाला बोअर केला असेल तर हे आणखी महत्त्वाचे होते. व्यास १ मिमीने वाढला म्हणजे भिंत प्रत्येक बाजूला अर्धा मिमी मागे गेली आणि पाते तेवढेच बोअरकडे सरकले. नव्याने निकासिलचा कठीण लेप चढवलेल्या सिलिंडरमध्ये खाचेच्या काठांवरही लेपाचे कण राहू शकतात. अशा सिलिंडरवर पाते कोरडे घालून ते स्वतःच्या वजनाने सरकते का, हे बघितल्याशिवाय हेड बसवू नका.

घराचे बोल्ट बहुधा छोटे, अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत जाणारे असतात. सर्व्हिस मॅन्युअलमधला टॉर्क वापरा आणि आडव्या क्रमाने थोडे थोडे आवळा. पात्याला टू-स्ट्रोक तेलाचा पातळ हात पुरतो. ग्रीस लावू नका, ते तिथे भाजून नवी काजळी होते.

काही रेव्ह व्हॉल्व्हच्या टोपणावर फिरवायचा स्क्रू असतो. आत फिरवला की स्प्रिंगचा ताण वाढतो आणि पाते उशिरा उघडते, बाहेर घेतला की लवकर. लोक बुजलेल्या व्हॉल्व्हची भरपाई या स्क्रूने करत राहतात आणि मूळ जागा विसरतात. साफसफाईनंतर तो कंपनीच्या जागेवर परत आणा आणि एक दिवस मशीन चालवल्याशिवाय हलवू नका.

तुमचे इंजिन नव्या पद्धतीचे असेल तर वर सांगितलेल्यापैकी पाती, खाच आणि बसवण्याची काळजी तशीच लागू होते, फक्त उघडण्याचा मार्ग वेगळा असतो. दाब सोलेनॉइडमधून (विजेवर उघडझाप करणारा छोटा व्हॉल्व्ह) जात असेल तर बारीक नळ्या तडकलेल्या किंवा उलट-सुलट जोडलेल्या नाहीत ना, आणि सोलेनॉइड तेलाने चिकटले नाही ना ते बघा. सर्वोमोटर (ठरावीक जागेपर्यंत फिरणारी छोटी मोटर) आणि केबल असतील, जसे आर्क्टिक कॅटच्या एपीव्हीत असतात, तर तिथला आजार वेगळा आहे: केबल ताणते, आणि दोन केबल सारख्या ताणत नाहीत. मग एक पाते पूर्ण उघडते, दुसरे कमी. केबलचे माप मॅन्युअलमध्ये दिलेले असते, अंदाजाने जुळवू नका.

काजळी इतकी का साचते, हेही पाहायला हवे, नाहीतर पुढच्या हंगामात तुम्ही पुन्हा इथेच याल. तेल हे पहिले कारण. चांगले सिंथेटिक टू-स्ट्रोक तेल खनिज तेलापेक्षा खूप कमी काजळी सोडते. ऑइल पंप गरजेपेक्षा जास्त तेल देत असेल तर उत्तम तेलही चिकटते, म्हणून पंपाच्या केबलची खूण एकदा तपासा. आणि चालवण्याची पद्धत. सतत हळू, अर्ध्या थ्रॉटलवर फिरणाऱ्या मशिनात पाती खालीच राहतात, त्यांच्या मागे थर बसत जातो, आणि महिन्याने पुरता थ्रॉटल दिला की ती उठत नाहीत. इंजिन नीट तापल्यावर, मोकळी जागा असेल तिथे, अधूनमधून पूर्ण थ्रॉटल देत चला.

साफसफाई हंगाम संपताच करावी असे माझे ठाम मत आहे. बहुतेक जण ती हिमवर्षाव सुरू झाल्यावर करतात. तोवर काजळीने सगळा उन्हाळा ओल धरलेली असते, तेल घट्ट झालेले असते आणि पिनवर गंज चढलेला असतो. तीच काजळी शेवटच्या फेरीनंतर आठवडाभरात काढली तर पुसल्यासारखी निघते.

आता तुमच्या मशिनाचे. दोन्ही टोपणे काढा, आधी तेलाचे शिंतोडे बघा, मग पाते किती सरकते ते मोजा, मग भोके. काम झाल्यावर टोपणाखाली दांड्याच्या टोकावर मऊ मेणाची छोटी गोळी ठेवा आणि एक फुल थ्रॉटलची फेरी मारून या. पाते पूर्ण वर गेले असेल तर गोळी टोपणाला दाबून चपटी झालेली असेल. दोन्ही बाजूंच्या गोळ्या सारख्याच चपट्या निघाल्या आणि तरीही आरपीएम ७२००लाच बसला, तर दोष व्हॉल्व्हचा नाही. मग पाइपाच्या जोडाची गळती, इंजिनात मिश्रण आत घेणाऱ्या रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या आणि कॉम्प्रेशन बघा, आणि ते सगळे ठीक निघाले तर क्लचचा पट्टा आणि वजने.